अस्सलबरहुकूम नक्कल

नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघोजी भोसले यांची तलवार २९ एप्रिल २०२५ रोजी लंडनच्या सोदबीज लिलावगृहात विक्रीला निघाली आणि महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत ती ४७ लाख १५ हजार रुपयांना घेतली. १८ ऑगस्ट २०२५ रोजी ती मुंबईत दाखल झाली. आमचा भंडारा जिल्हा हा त्याच भोसल्यांच्या राज्याचा मुलूख. तुमसरकडचा आंबागड बांधला तो देवगडच्या गोंड राजवटीत, पण पुढे भोसल्यांनी त्याचा तुरुंगासारखा उपयोग केला, हे इकडची शाळकरी मुलेही सांगतात. तेव्हा या तलवारीचे इकडे कौतुक झाले यात नवल नाही. गेलेली वस्तू परत मिळाली की आनंद होतोच, आणि तो व्हावाही.

परंतु अशा प्रत्येक पुनरागमनाच्या मागोमाग नकलांची लाट येते, आणि तिच्याकडे गंभीरपणे पाहण्याची आपल्याला सवय नाही. तलवारीची नक्कल तर आपल्या सार्वजनिक जीवनात केव्हाच शिरली आहे. पुढाऱ्याचा सत्कार असो की पहिलवानाचा, शाल-श्रीफळाबरोबर मखमली म्यानातली तलवार आलीच. नवरदेवाच्या हातात तलवार, शिवजयंतीच्या मिरवणुकीत तलवार, दिवाणखान्याच्या भिंतीवर ढालीमागे फुलीसारख्या लावलेल्या दोन तलवारी. यात गैर काहीच नाही. गैर सुरू होते ते पुढे, दोन पिढ्यांनंतर. आजोबांना सत्कारात मिळालेली तलवार नातवाच्या तोंडी ‘आमच्या पणजोबांची’ होते आणि पणतवाच्या तोंडी ती थेट रघोजीराजांनी बक्षीस दिलेली असते. आणि त्याच घराच्या माळ्यावर, धानाच्या कोठीमागे, खऱ्या पणजोबांची खरी तलवार गंजत पडलेली असते. ती कधीतरी भंगारवाल्याच्या तराजूत जाते. एका तलवारीसाठी शासन लंडनच्या लिलावात बोली लावते आणि दुसरी इथे किलोच्या भावाने विकली जाते, ही विसंगती आपल्याला बोचत नाही. याचे कारण अस्सल कोणते आणि नक्कल कोणती हे ओळखण्याची विद्या आपण समाज म्हणून कधी शिकलोच नाही.

जुन्या मराठी दप्तरांत एक शब्दप्रयोग आहे, ‘अस्सलबरहुकूम नक्कल’. मूळ कागद जसा आहे तशीच, कानामात्रेचा फरक न करता केलेली प्रत. बँकेतल्या माझ्या सगळ्या नोकरीत ‘सत्यप्रत’ या शिक्क्याखाली मी हजारो सह्या केल्या असतील. सातबारा असो, खरेदीखत असो, नाहीतर शाळा सोडल्याचा दाखला असो. मूळ कागद डोळ्यांसमोर ठेवून प्रत तपासायची, शिक्का मारायचा, सही करायची. त्या प्रतीवर व्यवहार चाले. नक्कल आहे म्हणून तिला कोणी कमी लेखत नसे, पण नक्कल अस्सल म्हणून पुढे केली तर तो गुन्हा ठरे. तलवारीच्या बाबतीतही माझे म्हणणे एवढेच आहे. नक्कल अवश्य करावी. मात्र ती अस्सलबरहुकूम असावी आणि आपण नक्कल आहोत हे तिने स्वतःच्या अंगावर लिहून सांगावे.

मुळात इथे दोन प्रश्न आहेत आणि आपण त्यांची नेहमी गल्लत करतो. एक दर्जाचा, दुसरा अस्सलपणाचा. काल बनवलेली तलवार उत्तम असू शकते आणि दोनशे वर्षांची तलवार अगदी ओबडधोबड असू शकते. जुन्या सैन्यात सगळेच सरदार नव्हते. शिलेदाराची आणि बारगिराची तलवार साधी, कामापुरती असे. आपण मात्र ‘सुंदर आहे म्हणजे जुनी असणार, जुनी आहे म्हणजे राजघराण्याची असणार’ अशा दोन उड्यांत थेट सिंहासनापर्यंत पोचतो. मधल्या पायऱ्यांवर पुरावा लागतो, याचे भान राहत नाही.

आधी दर्जाचे पाहू. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक सत्कारी तलवारी स्टेनलेस स्टीलच्या असतात. हे पोलाद गंजत नाही, आरशासारखे चकाकते, म्हणून लोकांना आवडते. पण लांब पात्याला लागणारा चिवटपणा आणि लवचीकपणा या स्वस्त पात्यांत सहसा नसतो. ती वाकली तर वाकलेलीच राहतात, नाहीतर मोडतात. शिवाय स्टेनलेस स्टीलचा व्यापारी जन्मच १९१३ च्या सुमारास इंग्लंडमधील शेफील्ड येथे झाला. म्हणून जे पाते आठ पावसाळे माळ्यावर काढूनही लखलखीत राहिले, त्याचा भोसल्यांशी वा पेशव्यांशी संबंध असणे शक्य नाही. ही एवढी साधी कसोटी लावली तरी गावोगावच्या निम्म्या दंतकथा गळून पडतील. चुंबकाने मात्र फारसे काही कळत नाही. जुने लोखंड त्याला चिकटते आणि स्टेनलेसच्या काही जातीही चिकटतात.

दुसरी गोष्ट वजनाची. किल्ल्यांवरचे हौशी वाटाडे वीस-वीस, चाळीस-चाळीस किलोच्या तलवारी सांगतात आणि ऐकणारे माना डोलावतात. घोड्यावर बसून दिवसभर फिरवायची वस्तू मणभर वजनाची कशी असेल, हा प्रश्न शेतकऱ्याला तरी पडायला हवा. आपली कुऱ्हाड किती जड असली की दुपारपर्यंत हात भरून येतो हे त्याला ठाऊक असते. खऱ्या तलवारी साधारणपणे किलोच्या आसपास, थोड्या मागेपुढे असतात. चांगले पाते मुठीजवळ जाड आणि टोकाकडे पातळ होत जाते. त्यामुळे हातात घेतल्यावर भार मुठीकडे राहतो आणि तलवार हलकी भासते. नक्कल बहुधा एकसारख्या जाडीच्या पट्टीतून कापलेली असते, म्हणून तिचा भार पुढे पडतो आणि मनगट लगेच दुखू लागते. जाड पट्टी म्हणजे भक्कम तलवार, हा विक्रेत्याचा युक्तिवाद ऐकून घ्यावा आणि तलवार खाली ठेवावी.

मुठीबाबत तर भंडाऱ्याच्या माणसाला कोणी शिकवण्याची गरज नाही. पितळी भांड्यांसाठी या गावाचे नाव झाले आहे. ओतीव भांडे आणि ठोकीव भांडे यांतला फरक इथली म्हातारी बाई नुसत्या टिचकीच्या आवाजावरून सांगते. हीच दृष्टी तलवारीच्या मुठीकडे वळवायची. ओतीव मुठीवर साच्याच्या सांध्याची रेघ दिसते, बारीक छिद्रे दिसतात, नक्षीच्या कडा बोथट असतात. जुन्या मुठी बहुतेक करून लोखंडाच्या वा पोलादाच्या असत. त्यांवरचे सोन्याचे काम कोफ्तगिरीचे असे: आधी पृष्ठभागावर बारीक उभ्याआडव्या चरा काढायच्या आणि त्यांत सोन्याची तार हातोडीने बसवायची. शेकडो वर्षांनी सोने झिजले तरी खालच्या चरा भिंगातून दिसतात. नकलेवर सोनेरी मुलामा असतो. तो गेला की खाली गुळगुळीत धातू उघडा पडतो आणि चरा कुठेच नसतात. सोनेतारण कर्ज देणाऱ्या शाखेतले भिंग याला पुरते.

आता एक समज दुरुस्त करतो. पात्याचा मुठीत जाणारा भाग शेवटपर्यंत गेला असेल आणि मागे नटबोल्टने आवळला असेल, तर ती उत्तम तलवार असे अलीकडे हौशी मंडळी सांगतात. परदेशी पद्धतीच्या तलवारींबद्दल ते ठीक असेल. आपल्याकडच्या नेहमीच्या वाकड्या तलवारीत पात्याचा हा भाग आखूडच असे आणि तो पोकळ मुठीत राळ-लाखेच्या गरम मिश्रणाने पक्का बसवत. सरळ पात्याच्या खांडा-फिरंगीत मुठीपासून निघालेल्या पट्ट्या पात्याच्या दोन्ही अंगांना रिव्हेटने जखडत. तेव्हा मराठा घाटाची म्हणून विकल्या जाणाऱ्या तलवारीच्या मागे नट दिसला, तर ती मजबूत असेल, पण अस्सलबरहुकूम नाही. मजबुती आणि इमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गंजही बोलतो. ओल्या मातीत पुरून किंवा तेजाब लावून आणलेला गंज नारिंगी आणि सगळीकडे एकसारखा असतो. काळाने आणलेला गंज काळपट तपकिरी असतो. कुठे खोल खड्डे, कुठे नुसती छटा, आणि जिथे म्यानाचे वा मुठीचे पांघरूण होते तिथे जवळजवळ नाहीच. पोलादातल्या लाटांचेही तसेच आहे. जुन्या जौहरदार पात्यातली नक्षी धातूच्या पोटातून आलेली असते, घासून गेली तरी जाणकाराच्या हाताखाली पुन्हा उमटते. तेजाबाने वरवर काढलेली नक्षी एकदा घासली की संपली.

इतके सगळे पाहिले तरी वस्तू जुनी आहे एवढेच ठरते. ती कोणाची, हे धातू सांगत नाही. आमच्या एका शाखेत सोने पारखायला येणारे वृद्ध सराफ होते. एका मालगुजाराच्या वंशजाने सोन्याच्या मुठीची म्हणून तलवार तारण ठेवायला आणली. सराफांनी कसोटीवर कस उमटवला, तो पितळेचा निघाला. गृहस्थ म्हणाले, ‘‘सोनं नसेल जी, पण तलवार तर राजाची आहे, त्याचे काही धरा.’’ सराफ शांतपणे म्हणाले, ‘‘सोनं कसोटीले लागते जी, इतिहास नाही लागत. त्याले कागद लागते.’’ इतक्या वर्षांत अस्सलपणाची याहून नेमकी व्याख्या मी ऐकलेली नाही.

कागद म्हणजे वस्तूचा हातोहात झालेला प्रवास. जमीन गहाण घेताना बँक मागच्या तीस वर्षांच्या मालकीचा शोध घेते, तोच न्याय. कागदाने किंमत किती बदलते पाहा. टिपू सुलतानाच्या शयनगृहातली म्हणून ओळखली जाणारी तलवार मे २०२३ मध्ये लंडनच्या बॉनहॅम्समध्ये सुमारे १ कोटी ४० लाख पौंडांना गेली. श्रीरंगपट्टणच्या पाडावानंतर ती सेनानी डेव्हिड बेअर्ड यांना दिली गेल्याचा पुरावा तिच्यासोबत होता. त्याच काळातल्या, पण नावगाव नसलेल्या तलवारी त्याच लंडनमध्ये काही शे पौंडांत मिळतात. फरक पडतो तो साखळीने.

याच दृष्टीने रघोजींच्या तलवारीकडे पाहू. तिचे पाते सरळ, एकधारी आणि युरोपीय बनावटीचे. मूठ मुल्हेरी घाटाची, सोन्याच्या कामाची. पात्याच्या पाठीवर देवनागरीत सोन्याचा लेख: श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग. या एका ओळीत केवढा इतिहास आहे! पहिली गंमत ‘फिरंग’ या शब्दाची. परदेशी पात्याच्या तलवारीला आपले लोक फिरंग म्हणत आणि ती मोठ्या मानाने बाळगत. पाते परकीय आहे हे मालकाने लपवले नाही, उलट सोन्याने लिहून ठेवले. शुद्ध स्वदेशी असेल तरच अस्सल, अशी आजची संकुचित कसोटी लावली तर ही अस्सल मराठा तलवारच बाद होईल. दुसरी गोष्ट ‘रघोजी’ या रूपाची. जुन्या कागदपत्रांत हे नाव असेच येते. आज कोणी नकली लेख कोरायला बसला तर ‘रघुजी’ लिहून मोकळा होईल आणि तेही छापखान्याच्या गोल गरगरीत अक्षरांत. लेखाचे वळण, नावाचे रूप, पदवीची जागा ही पारख संशोधकाची आहे आणि ती भिंगाहून बारीक आहे.

पण लेख आहे म्हणून सगळे प्रश्न संपले असेही नाही. नागपूरच्या गादीवर रघोजी नावाचे तीन राजे झाले आणि सेनासाहेबसुभा ही पदवी पहिल्या रघोजींनंतर त्यांच्या वंशातही चालली. तेव्हा लेखातले रघोजी पहिलेच हे ठरवताना नावाबरोबर घाट, पाते, अक्षर यांचाही आधार द्यावा लागतो. तलवार परदेशी कशी गेली याबाबत १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतरच्या लुटीचा तर्क केला जातो. पुढे डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघोजी निपुत्रिक वारले, राज्य खालसा झाले आणि राजवाड्यातल्या चीजवस्तूंचा लिलाव झाला. ती वाटही शक्य आहे. शासनाने तलवारीसोबत हा सगळा विचार, आधारांसह, मराठीत छापून लोकांपुढे ठेवावा. प्रश्न विचारणे हा राजांचा अपमान होत नाही. अशा प्रश्नांना उत्तरे देता येणे हीच तर अस्सल वस्तूची प्रतिष्ठा असते.

या बाबतीत आपल्याला एक धडा परकीयांकडून घ्यावा लागेल. वाघनखे जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून तीन वर्षांच्या बोलीवर साताऱ्याला आली, तेव्हा इथे मोठा वाद झाला. पण हीच नखे महाराजांनी वापरली याची खातरजमा करता येत नाही, असे त्या संग्रहालयाने आपल्या नोंदीतच म्हटलेले होते. ज्या वस्तूमुळे आपल्याकडे गर्दी खेचता येईल तिच्याविषयी असे लिहायला धैर्य लागते. आपल्याकडे १९८० च्या सुमारास बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना भवानी तलवार लंडनहून आणण्याची घोषणा गाजली. तेव्हापासून आजवर साताऱ्याची कोणती, कोल्हापुरातून १८७५-७६ च्या भेटीत इंग्लंडच्या युवराजाला नजर झालेली कोणती, यावर भावनेच्या भरात जितके बोलले गेले, त्याच्या दशांशही लोक जुनी कागदपत्रे वाचायला बसले नाहीत.

खोटेपणा आजचाच आहे अशी मात्र कोणी समजूत करून घेऊ नये. जर्मनीतल्या सोलिंगनचे लोहार पासाउ गावची धावत्या लांडग्याची खूण आपल्या पात्यांवर उमटवत, कारण पासाउचा माल नावाजलेला. आपल्याकडच्या कारागिरांनीही युरोपीय खुणा हुबेहूब नकलून देशी पाती फिरंग म्हणून खपवली. म्हणजे काही जुन्या फिरंगी जुन्याही आहेत आणि खोट्याही! नाणे आले तसे खोटे नाणे आले, सही आली तशी खोटी सही आली. पारख करणारा मात्र मुद्दाम घडवावा लागतो.

यावर एक आक्षेप येईल आणि तो प्रामाणिक आहे. लोकांची भावना तलवारीवर आहे, पोलादाच्या प्रतीवर नाही. मग चिकित्सेचा हा खटाटोप कशाला? भावनेबद्दल मला आदर आहे. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर धान निघाले की नाटकांचा हंगाम सुरू होतो. ऐतिहासिक नाटकात पत्र्याची तलवार उपसली जाते आणि समोरचे हजार-दोन हजार प्रेक्षक रात्री दोन वाजता श्वास रोखून बसतात. पत्र्याची आहे हे त्यांना ठाऊक नसते का? असते. तरी भावना उचंबळते. भावनेला खोट्याची गरज नसते, याचा याहून चांगला पुरावा कोणता? उलट खोटे उघडे पडले की पहिला घाव भावनेवरच बसतो.

नुकसान दुसऱ्याही बाजूने होते. आपली तलवार दुकानातल्या तलवारीसारखी चकाकत नाही म्हणून घरोघरी जुन्या पात्यांवर विटकर, चिंच, घासणी आणि आता यंत्राचे चाक फिरते. काही जण तर निकेलचा मुलामा देऊन आणतात. लेख जातो, कोफ्तगिरी जाते, जौहर जाते. म्हणजे नकलेसारखे दिसावे म्हणून अस्सल वस्तू घासली जाते! दिवाळीच्या साफसफाईत एका दुपारी जो पुरावा पुसला जातो, तो कोणत्याही लिलावात परत मिळणारा नाही. जुन्या पात्याला कोरडे मऊ कापड आणि हलका तेलाचा हात यापलीकडे काही करू नये. बाकी जाणकारावर सोडावे.

कायद्याचे भय दाखवूनही लोक वस्तू लपवतात. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदा लागू आहे. त्या देशाबाहेर नेता येत नाहीत आणि त्यांच्या व्यापाराला परवाना लागतो. धारदार तलवारीला १९५९ च्या शस्त्र कायद्याची चौकट आहेच. पण आपल्याकडे असलेल्या वस्तूची माहिती द्यायला कोणाकडे जावे, हे आमच्या लाखांदूर-मोहाडीच्या शेतकऱ्याला कोण सांगणार? पोलीस ठाणे आठवले की तो तलवार विहिरीत टाकणे पसंत करतो.

म्हणून दोन सूचना करतो. पहिली नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाला. १८६३ पासूनच्या या अजबबंगल्याने वर्षातून एकदा भंडारा, गोंदिया अशा जिल्ह्यांच्या गावी पारख-शिबिर घ्यावे. लोकांनी घरातल्या जुन्या वस्तूंची छायाचित्रे घेऊन यावे, जाणकारांनी पाहून काय आहे, काय नाही ते सांगावे, नोंद करावी, वस्तू मालकाकडेच राहू द्यावी. जप्तीची भीती गेली की माळ्यावरच्या तलवारी आपोआप खाली उतरतील. दुसरी सूचना शासनाला. रघोजींच्या तलवारीच्या नकला निघणारच आहेत. त्या सत्काराच्या दुकानांवर सोडू नयेत. मूळ तलवारीची मापे, वजन, पात्याची जागोजागची जाडी, मुठीचा घाट यांचा नीट आराखडा प्रसिद्ध करावा आणि त्याबरहुकूम, बोथट धारेच्या, मोजक्या प्रती करवून घ्याव्यात. धातूचे काम आमच्या भंडाऱ्याच्या हातांना अजून येते. त्यांना विचारून पाहायला हरकत नाही. त्यांतली एक प्रत आंबागडाच्या पायथ्याच्या शाळेत ठेवावी आणि मुलांना ती हातात घेऊ द्यावी. काचेमागच्या मूळ वस्तूला जे करता येणार नाही ते ही प्रत करील: तलवार किती हलकी असते ते त्यांना कळेल.

आणि त्या प्रतीच्या पाठीवर, मूळ तलवारीवर जिथे लेख आहे त्याच जागी, दुसरा लेख असावा. नक्कल हा शब्द, केल्याचे साल आणि ती घडवणाऱ्या कारागिराचे नाव. मूळ पाते ज्याने घडवले त्या लोहाराचे नाव आपल्यापर्यंत पोचलेले नाही. निदान नकलेच्या कारागिराचे तरी पोचावे.